चेटकीण बाराव्या प्रकरणात येते, तोवर पडद्यावर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: १९३९ सालचा 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा चित्रपट लहानपणापासून आवडता. आता एल. फ्रँक बॉमची १९०० साली प्रसिद्ध झालेली मूळ कादंबरी वाचली, तर निम्मी गोष्ट चित्रपटात नाहीच. चांदीचे बूट माणकांचे झालेत, आणि शेवटी तर सगळं स्वप्नच ठरतं. हे बदल कशाच्या आधारावर केले? आणि एखाद्या जुन्या अद्भुतरम्य कादंबरीची पटकथा स्वतः करायला घेतली, तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचं कसं?

कादंबऱ्यांवरून पटकथा लिहिणं आणि ते शिकवणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. शिकवताना हाच चित्रपट पुन्हापुन्हा काढतो, कारण यात पटकथाकारांची कारागिरी जिथे दिसते तिथेच तिची किंमतही दिसते. काय गाळलं याची यादी करून मात्र फारसं हाती लागत नाही. चोवीस प्रकरणांची कादंबरी शंभरेक मिनिटांत बसवायची म्हणजे गाळणं आलंच. बघायचं ते हे की कोणती गोष्ट उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली.

सर्वांत मोठी उचलाउचल खलनायिकेची आहे. कादंबरीत पश्चिमेची दुष्ट चेटकीण प्रत्यक्ष समोर येते बाराव्या प्रकरणात, आणि त्याच प्रकरणात विरघळून मरते. तोवर तिचं फक्त नाव कानावर येतं. ती मेल्यावरही बारा प्रकरणं शिल्लक असतात. ऑझच्या जादूगाराचं बिंग फुटतं, फुगा उडून जातो, मग दक्षिणेकडे नवा प्रवास, झुंजणारी झाडं, चिनी मातीच्या माणसांचा देश, डोकी आपटून मारणारे लोक, आणि शेवटी कुठे भली चेटकीण ग्लिंडा भेटते. रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायला ही रचना उत्तम आहे. प्रत्येक प्रकरणात एक संकट येतं, ते तिथेच निस्तरतं आणि मूल झोपी जातं. चित्रपटगृहात मात्र प्रेक्षक सलग बसलेला असतो. दर दहा मिनिटांनी संकट नव्यानं सुरू झालं, तर आधीच्या संकटाचा धाक पुढच्याला मिळत नाही.

म्हणून पटकथेत चेटकीण थेट सुरुवातीलाच आणली. कॅन्ससहून वावटळीत उडालेलं छोट्या डोरोथीचं घर ऑझ या जादूच्या देशात, मंचकिन नावाच्या बुटक्या लोकांच्या गावात पडतं, पूर्वेची चेटकीण त्याखाली चिरडते, आणि लाल धुरात पश्चिमेची चेटकीण हजर होते. कादंबरीत या दोघी बहिणी असल्याचा उल्लेख नाही. चित्रपटानं त्यांना बहिणी केलं आणि सूडाचं कारण आयतं मिळालं. त्याहीआधी, कॅन्ससमध्येच, सायकलवरून येऊन डोरोथीच्या कुत्र्याला, टोटोला, टोपलीत घालून नेणारी मिस गल्च दिसते. हे पात्र बॉमच्या पुस्तकात नाहीच. वावटळीत उडणाऱ्या घराच्या खिडकीबाहेर तिच्या सायकलचा झाडू होतो, तेव्हा पुढचा तासभर कोणाला घाबरायचं हे लहान मुलालाही कळलेलं असतं.

बुटांचंही तसंच. कादंबरीत डोरोथी ते बूट पायात घालून अर्धं पुस्तक चालते, पण त्यांच्यामागे कुणी लागत नाही. बाराव्या प्रकरणात चेटकीण ते बघते तेव्हा कुठे तिला त्यांचा लोभ सुटतो. शिवाय उत्तरेच्या भल्या चेटकिणीनं डोरोथीच्या कपाळाचं चुंबन घेतलेलं असतं, त्याची खूण असेपर्यंत तिला कुणी इजाच करू शकत नाही. वाचणाऱ्या मुलाला त्यानं धीर येतो, पटकथेत मात्र सगळा ताण त्यानं मरतो. चित्रपटात हे कवच काढून टाकलं आणि उलटी अट घातली: ती जिवंत आहे तोवर बूट पायातून निघणार नाहीत. म्हणजे बूट हवे असतील तर तिला मारायलाच हवं. त्यावर तिचा उरलेला वेळ मोजणारं वाळूचं घड्याळ ठेवलं, तेही कादंबरीत नाही. बॉमची चेटकीण डोरोथीला स्वयंपाकघरात भांडी घासायला आणि केर काढायला लावते.

आता एकच प्रसंग जवळून बघू, कारण पटकथाकाराचा हात मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. पाण्याची बादली. कादंबरीत चेटकीण फरशीवर एक लोखंडी दांडा ठेवते आणि तो जादूनं अदृश्य करते. डोरोथी अडखळून पडते, एक बूट निसटतो, चेटकीण तो पटकावते. डोरोथी चिडते, हाताशी असलेली बादली उचलून तिच्या अंगावर रिकामी करते आणि चेटकीण विरघळते. साधा मुलीचा राग आहे, आणि मला तो आवडतो. पण त्या वेळी तिचे वाटेतले सोबती, बुजगावणं आणि टिनचा लाकूडतोड्या, तिथे नाहीतच. चेटकिणीच्या उडत्या माकडांनी एकाचा पेंढा उपसून टाकलाय, दुसऱ्याला खडकांवर आपटलंय. तिसरा सोबती, सिंह, अंगणात कोंडलेला आहे. म्हणजे गोष्टीच्या सर्वांत मोठ्या क्षणी तिघेही मित्र बिनकामाचे.

चित्रपटात तिघेही किल्ल्यात पोचतात. चेटकीण झाडू पेटवून बुजगावण्याचा हात जाळते, डोरोथी ती आग विझवायला बादली फेकते, आणि पाणी चेटकिणीवर उडतं. रागाच्या जागी माया आली, मित्र प्रसंगाच्या मध्यभागी आले, आणि नायिका खुनी ठरली नाही. गंमत म्हणजे यातलं काहीच बाहेरून आणलेलं नाही. बुजगावणं तिसऱ्याच प्रकरणात सांगतं की आपण जगात एकाच गोष्टीला भितो, पेटत्या काडीला. चेटकीण पाण्याला भिते हे बाराव्या प्रकरणात आहे. पुस्तकात ही दोन वाक्यं एकमेकांना कधी भेटत नाहीत. पटकथेनं आग आणि पाणी एका खोलीत आणलं. आधी जंगलात चेटकिणीनं बुजगावण्यावर आगीचा गोळा फेकून त्याची तजवीजही करून ठेवली होती. मूळ कृतीशी इमान राखणं मी याला म्हणतो. मग भले प्रसंग पुरता बदललेला असो.

पण प्रत्येक कापाकापीचं बिल कुठे ना कुठे येतंच. या चित्रपटातलं सर्वांत मोठं बिल भल्या चेटकिणींचं आहे. कादंबरीत त्या दोन आहेत. उत्तरेची वयस्कर आहे, भोळी आहे. बुटांत काहीतरी जादू आहे एवढंच तिला ठाऊक, काय ते माहीत नाही. म्हणून ती डोरोथीला जादूगाराकडे पाठवते. दक्षिणेच्या ग्लिंडाला बुटांचं रहस्य माहीत आहे, पण ती भेटते थेट तेविसाव्या प्रकरणात. तिथवरचा सगळा प्रवास न्याय्य आहे, कारण ज्याला उत्तर माहीत तो भेटलाच नव्हता. चित्रपटात दोघींची मिळून एक ग्लिंडा झाली. एक अभिनेत्री वाचली, एक प्रवास वाचला, आणि बाईंच्या ज्ञानाचा घोळ झाला. जिनं सुरुवातीला बूट पायात घातले, तिलाच शेवटी ते घरी नेतात हे माहीत! मग आधी का नाही सांगितलं? बुजगावणं पडद्यावर हाच प्रश्न विचारतं, आणि ग्लिंडा म्हणते की तेव्हा सांगितलं असतं तर डोरोथीचा विश्वास बसला नसता, तिचं तिलाच उमगायला हवं होतं.

हे उत्तर कच्चं आहे. लिहिणाऱ्यांना भोक दिसलं होतं, त्यावर त्यांनी संवादाचं ठिगळ लावलं. प्रेक्षकानं ते चालवून घेतलं, कारण तोवर तो डोरोथीवर जीव लावून बसलेला असतो. पण माझ्यासमोर एखाद्या विद्यार्थ्याचा मसुदा येतो आणि त्यात दोन पात्रं एकत्र केलेली असतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: या दोघांपैकी कोणाला काय माहीत होतं? स्वभाव एकत्र करता येतात. माहिती एकत्र केली की कथानक गळायला लागतं.

बूट माणकांचे का झाले, याचं उत्तर सोपं आहे: टेक्निकलर, म्हणजे तेव्हाची रंगीत चित्रणाची पद्धत. पटकथाकार नोएल लँगलीच्या १९३८ सालच्या मे महिन्यातल्या मसुद्यात चांदी जाऊन माणकं आली. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चांदी फिकी पडली असती, लाल रंग उठून दिसतो. स्टुडिओ एमजीएम होता, रंगीत चित्रण महाग होतं, आणि मोजलेल्या पैशांचा रंग पडद्यावर दिसायलाच हवा होता. तेव्हाच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह धावत. लोलकानं प्रकाश विभागून प्रत्येकीवर वेगवेगळ्या रंगाची नोंद होई. विभागलेला प्रकाश कमी पडतो म्हणून सेटवर दिव्यांचा भडिमार करावा लागे. त्या उष्णतेत सिंह झालेला बर्ट लार खऱ्या सिंहाच्या कातडीचा पोशाख घालून उभा होता.

याच रंगानं कादंबरीतली एक फार हुशार कल्पना मारली, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. बॉमच्या पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाला हिरव्या काचांचा चष्मा घालावा लागतो, आणि तो मागून कुलूप लावून बंद केला जातो. पुढे कळतं की शहर तितकं हिरवं नाहीच, चष्म्यामुळे तसं दिसतं. भोंदू जादूगाराचं अख्खं राज्य त्या चष्म्यात आहे. चित्रपटात चष्मा नाही, शहर खरोखरच हिरवंगार. इतका खर्च करून हिरवा रंग आणायचा आणि मग तो खोटा आहे म्हणून सांगायचं, हे कोणता निर्माता मान्य करेल? पुस्तकातला हा टोला गेला. पडद्याआड लपून जादूगार बनलेला माणूस तेवढा उरला.

त्याच्या बदल्यात रंगानं दिलेलंही बघा. बॉमच्या पहिल्या प्रकरणात कॅन्ससचं वर्णन करताना करडा हा रंग पुन्हापुन्हा येतो. माळरान करडं, घर करडं, एम मावशी आणि हेन्री काका हसणं विसरलेले, तेही करडे. चित्रपटात कॅन्सस सेपिया, म्हणजे तपकिरी, छटेत आहे. म्हणजे निवेदकाचं वर्णन शब्दही न बोलता पडद्यावर आलं. आणि मग तो दरवाजा. घर आपटतं, डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंग दिसतो. हा शॉट सबंध रंगीत फिल्मवर घेतलाय. घराची आतली बाजू सेपिया छटेत रंगवली, तशाच छटेचा पोशाख घातलेली दुसरीच मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून दार उघडते आणि बाजूला सरकते. कॅमेरा दारातून पुढे जातो, आणि निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या फ्रॉकातली, डोरोथी झालेली जूडी गार्लंड चौकटीत येते. दृश्य न तोडता एका जगातून दुसऱ्या जगात नेणारा असा शॉट आज संगणकावर सहज होतो. त्यांनी तो रंगाच्या डब्यानं आणि एका डमीनं केला. वावटळही अशीच: मलमलीच्या कापडाचा पस्तीस फुटी लांबोळका फिरवून, सोबत धूळ उडवून केलेली.

बाकी गाळलेल्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. लाकूडतोड्या कुऱ्हाडीनं चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो, हे वाचायला चालतं, दाखवायला नाही. शापित कुऱ्हाडीनं त्याचा एकेक अवयव तुटत जातो आणि तिथे टिन बसतं, ही तर अंगावर काटा आणणारी कहाणी आहे. ती काढली ते ठीकच झालं. अफूच्या शेतात झोपलेल्या सिंहाला कादंबरीत हजारो उंदीर गाड्यावरून ओढून बाहेर काढतात. चित्रपटात ग्लिंडा बर्फ पाडते. हा बर्फ पटकथाकारांच्या डोक्यातून आलेला नाही. १९०२ साली बॉमच्याच कादंबरीवर संगीत नाटक झालं, त्यात रंगमंचावर उंदीर आणणं अवघड म्हणून बर्फ आला, आणि चित्रपटानं तो उचलला. गाजलेल्या कादंबरीचं रूपांतर करताना तुम्ही पुस्तकाबरोबर त्याची आधीची रूपांतरंही वारशात घेत असता. जादूगार कादंबरीत चौघांना चार वेगवेगळ्या दिवशी चार रूपांत भेटतो: प्रचंड डोकं, सुंदर स्त्री, अक्राळविक्राळ जनावर, आगीचा गोळा. चित्रपटात चौघे एकदम आत जातात, डोकं आणि ज्वाळा एकदम दिसतात. चार भेटींतला तोचतोपणा एका प्रसंगात आला, काही बिघडलं नाही.

आता स्वप्न. यावर माझं मत कडक आहे. पण आधी ते कुठून आलं हे समजून घ्यायला हवं.

कादंबरीतल्या डोरोथीला घर सोडायचंच नसतं. वावटळ येते आणि ती उडते, तिचा त्यात काही हात नाही. चित्रपटातली डोरोथी टोटोला वाचवण्यासाठी घरातून पळून जाते. वाटेत प्रोफेसर मार्व्हल भेटतो, तिच्या मावशीची आठवण काढून तिला परत पाठवतो, आणि ती घरी पोचते तेव्हा सगळे तळघरात गेलेले असतात. त्याआधी ती इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचं गाणं म्हणते. हेरॉल्ड आर्लेन आणि यिप हारबर्ग यांचं ते गाणं चाचणी खेळानंतर जवळजवळ कापलंच होतं, कॅन्ससचा भाग रेंगाळतो म्हणून. गाणं कापलं असतं तर चित्रपट कोसळला असता, कारण नायिकेची इच्छा तेवढ्या एकाच जागी बोलून दाखवलेली आहे. तिला जायचं होतं, ती गेली, आता तिला परत यायचंय. कादंबरीत हे वळण नाही. चित्रपटाला ते हवं होतं, आणि ते उत्तम साधलंय.

एकदा ही बाब मनातल्या इच्छेची झाली की प्रवासही मनातला करण्याचा मोह होतोच. शेतावरचे तीन गडी म्हणजेच बुजगावणं, लाकूडतोड्या आणि सिंह. मिस गल्च म्हणजे चेटकीण. मार्व्हल म्हणजे जादूगार. फ्रँक मॉर्गननं तर मार्व्हल, जादूगार, दारवान, गाडीवान आणि पहारेकरी अशा पाच भूमिका केल्या. रचना म्हणून हे घट्ट आहे. मोठ्या प्रेक्षकाला निखळ परीकथा पचेल का, ही धास्तीही त्यात दिसते. पण बॉमचा ऑझ खरा आहे. त्याची डोरोथी टाचा आपटून उडते तेव्हा बूट वाटेत वाळवंटात पडतात, आणि ती घरी पोचते तेव्हा हेन्री काकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं खरोखरच गेलंय. एम मावशी कोबीला पाणी घालायला बाहेर आलेली असते. मुलगी खरंच कुठेतरी गेली होती, याला पुरावा म्हणून बॉमनं एक अख्खं घर दिलं. चित्रपटात ती पलंगावर जागी होते आणि आजूबाजूचे मोठे हसतात. तिनं जे केलं, जे सोसलं, ते तिच्याकडून काढून घेतल्यासारखं मला दरवेळी वाटतं. शिवाय पुढच्या गोष्टींचं दारही बंद होतं. बॉमनं नंतर मावशी-काकांनाही ऑझमध्ये राहायला नेलं. स्वप्नात कोण बिऱ्हाड हलवणार?

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. असा नेमका चित्रपट म्हणजे कुणा एकाची दृष्टी असेल, असं वाटतं. तसं नव्हतं. पटकथेवर तिघांची नावं आहेत, हात आणखी बऱ्याच जणांचे लागले. दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंगचं नाव, पण सुरुवात रिचर्ड थॉर्पनं केली आणि त्याला काढलं. मधे काही दिवस जॉर्ज क्युकर आला, त्यानं जूडीचा सोनेरी केसांचा टोप आणि बाहुलीसारखा मेकअप उतरवला. शेवटचे कॅन्ससचे प्रसंग, ते गाणंसुद्धा, किंग व्हिडोरनं चित्रित केलं, कारण फ्लेमिंग दुसऱ्या चित्रपटावर गेला होता. इतक्या हातांतून गोष्ट शाबूत राहिली, कारण पटकथेत 'घरी जायचंय, आणि ही बाई जाऊ देत नाही' ही वनलाइन पक्की होती. तिकीटबारीनं मात्र लगेच कौल दिला नाही. सुमारे २७ लाख ७० हजार डॉलर खर्च झाले, पहिल्या प्रदर्शनात फायदा झाला नाही. तो १९४९च्या पुनःप्रदर्शनात झाला, आणि १९५६पासून दूरचित्रवाणीनं त्याला घराघरात नेलं.

तुमच्या पटकथेबद्दल. कादंबरी पुन्हा वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन, आणि प्रत्येक प्रकरणापुढे दोनच गोष्टी लिहा: इथे कोणाला काय हवंय, आणि ते कोण अडवतंय. जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत दुसरा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा राहतो, किंवा दर वेळी नवं नाव येतं. तिथेच तुमचं खरं काम आहे. मग मधली प्रकरणं कापावी लागली तरी हळहळू नका. त्यानंतर निवेदकानं जे जे स्वतः सांगितलंय त्याखाली रेघ मारा, आणि त्यातलं काय रंगानं, आवाजानं, वेशभूषेनं सांगता येईल ते बघा. संवादात ओतायचं सर्वांत शेवटी. दोन पात्रं एकत्र केलीत तर वर सांगितलेला ग्लिंडाचा घोळ आठवा.

आणि मूळ लेखकाची वाक्यं जपून ठेवा, त्यांची जागा बदलली तरी. घरासारखी दुसरी जागा नाही, हे वाक्य चित्रपटात डोरोथी अगदी शेवटी डोळे मिटून मंत्रासारखं म्हणते. बॉमकडे ते चौथ्याच प्रकरणात येतं, बुजगावण्याशी गप्पा मारताना सहज. इतकी सुंदर भूमी सोडून त्या करड्या कॅन्ससला का परतायचं, असं बुजगावणं विचारतं, आणि ती हे उत्तर देते. त्यावर ते म्हणतं की तुमच्या डोक्यात माझ्यासारखा पेंढा असता, तर तुम्ही सगळे सुंदर जागी जाऊन राहिला असता आणि कॅन्ससला माणसंच उरली नसती. तुम्हाला मेंदू आहे हे कॅन्ससचं नशीब. अख्ख्या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता विनोद. पटकथेनं वाक्य घेतलं आणि हे उत्तर टाकलं. मीही टाकलं असतं. ते उत्तर एकदा ऐकल्यावर शेवटचा मंत्र कुणी गंभीरपणे ऐकला नसता.